पुलाच्या लढाईबाबत दुरुस्ती

क्लाक्सविकच्या मासळी कारखान्यात
वजनं टिपायला जी निळी वही मिळते
तिच्या शेवटच्या पानापासून मी उलटा लिहीत आलो
नऊ बेटांची बखर.
पुढून सॅमन मासे, मागून माणसं.
मधे कुठेतरी दोघं भेटणार, हे ठाऊक होतं.

पहिलं युद्ध खाणीवरून.
कथील कुणाचं, एवढाच प्रश्न.
अकरा रात्री, दोनशे खेळाडू,
आणि एकानेही विचारलं नाही
की कथील लागतं तरी कशाला.
(लागत होतं घंटेला. घंटा कुणी ओतलीच नाही.)

दुसरं गव्हाचं.
रीगामधला एक पोरगा घाईत अक्षर चुकला.
हुकूम सुटला 'पेरा', पोचला 'घेरा'.
ध चा मा व्हायला राजवाडा लागत नाही,
थंडीने आखडलेलं एक बोट पुरतं.
तह व्हायला मात्र सात महिने,
आणि तहाच्या बैठकीतही दोघे कापले गेले.

तिसरं पुलाचं.
त्याला मी सतरा पानं दिली.
पहाऱ्यावर ब्रान्दुर. दरवाजा सताड उघडा.
एकशे चाळीस घरं, नांगरलेली गलबतं,
दोन वर्षं एकेक फळी जोडून बांधलेला धक्का,
पहाटे पाचला सगळ्याची राख.
मी लिहिलं: ब्रान्दुर फितूर झाला.
तीन शब्द. खाडाखोड नाही.
अक्षर त्या दिवशी विशेष वळणदार आलं होतं.

नऊ वर्षं तो शब्द त्याच्या मागे फिरला.
तो दुसऱ्या खेळात गेला,
शब्द तिथेही आधीच दारात उभा.
खऱ्या गावात आम्ही नुसती मान हलवायचो,
बोगद्याअलीकडच्या पंपावर,
लोकरीच्या दुकानात, एकदा एका दफनाला.

मग परवा फेरीबोट धुक्याने अडकली
आणि एकाच बाकावर बसावं लागलं.
मी विचारलं नव्हतं. तोच म्हणाला,
"त्या रात्री बाबा मटण वाळवायच्या खोपीत पडले.
मी होतो तसा धावलो.
दरवाजा लावायला एक कळ दाबायची होती. सुचलं नाही."
"मग सांगितलं का नाहीस?"
"तू लिहून मोकळा झाला होतास."

कॉफी गार होईस्तोवर मी समुद्राकडे पाहिलं.
समुद्र दिसत नव्हता.

आता बखरीत नसलेली गोष्ट.
शत्रूला कसं कळलं
की चारच्या सुमाराला पुलावर एकटाच माणूस असतो?
पहाऱ्याच्या पाळ्या मीच सांगितल्या होत्या,
सुदुरोय बेटावरच्या मार्युनला,
जी त्यांच्या बाजूने लढायची.
पैसे नाहीत, वतन नाही, काही नाही.
ती एवढंच म्हणाली, तुला सगळं कसं रे ठाऊक असतं?
मी एकोणतीस वर्षांचा होतो
आणि मला तोवर कुणी असं म्हटलं नव्हतं.

मार्चअखेर सर्व्हर बंद होतोय.
बुरूज, पूल, खाण, ती न ओतलेली घंटा,
कुणीतरी ऑफिस सुटायच्या आत एक बटण दाबेल.
उरेल ती ही वही, म्हणजे माझा शब्द.

म्हणून आज ब्रान्दुरचं नाव खोडलं,
खालचं वाचता येईल इतपतच.
तिथे माझं लिहायला घेतलं.
मग 'फितूर' वर पेन अडलं.
'बढाईखोर' लिहून पाहिलं,
फार स्वस्तात सुटल्यासारखं वाटलं.
दोन्ही तसंच ठेवलं, एकाखाली एक.

पान संपलं. उलटलं
तर समोरून माझंच अक्षर चालत आलेलं,
उफराटं:
बुधवार, पेटी एकशे बारा,
वजन कमी भरलं.
खाली सही.